खिशातली वायर

डिचोली तालुक्यात रॉक संगीत आणलं ते आपण, असं दत्ताराम गावस यांचं ठाम मत होतं. सुर्ल्याच्या एका खाणीच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. वय त्रेचाळीस, केस तेल लावून मागे वळवलेले आणि कपाळावर एक बट मुद्दाम सोडलेली. साखळीला बाबुरावच्या सलूनमध्ये दर रविवारी ते ती बट नीट करून घेत. तेवढ्या वेळात एल्विसची बट कशी पडायची, क्लिफ रिचर्ड गाताना ओठ कसा मुडपायचा आणि चबी चेकरचा ट्विस्ट करायचा म्हणजे ओले पाय गोणपाटावर पुसायचे तसे कसे पुसायचे, हे दाढीला आलेल्या आणि नुसत्या पेपर वाचायला आलेल्या सगळ्यांना ऐकावं लागे. एल्विस वारला तेव्हा आपण महिनाभर मासळीला शिवलो नाही, असंही ते सांगत. ते खरंच होतं. फक्त तेव्हा श्रावण चालू होता आणि त्यांच्या घरात कुणीच शिवत नव्हतं.

या आठवणींचा कळस म्हणजे ‘रेड रॉकेट्स’. सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमारास गोव्यात गावोगाव बीट ग्रूप निघाले होते, त्यातला हा एक. कायतान गायचा आणि लीड गिटार वाजवायचा, सुदेश ड्रम्सवर, आणि बास गिटारीवर दत्ताराम. तांबडे कोट, पांढऱ्या पँटी.

“माझी बास सुरू झाली काय पुढच्या रांगेतल्या बायकांच्या कानातली फुलां हालायची,” ते बाबुरावला सांगत. “आमची विनोदिनी उगीच हय म्हणाली काय? लग्नाआधी तिना माका एकदाच बघितल्यान, डिचोलीच्या मैदानार, स्टेजार. थयच भुलली.”

विनोदिनीबाई मूळच्या मोपा गावच्या. नवरा ही गोष्ट पाहुण्यांना सांगू लागला की त्या स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकत. हो म्हणत नसत, नाही म्हणत नसत.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी दत्तारामनी वीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. ‘रेड रॉकेट्स’चा खरा बासवाला गुरुदास नावाचा मुलगा होता. पोस्टरं छापून झाली, तीन कोट शिवून झाले आणि गुरुदास नोकरी लागली म्हणून बाहरीनला निघून गेला. पोस्टरवर तीन माणसं होती, तेव्हा स्टेजवर तीन हवीत. गुरुदासचा कोट ज्याच्या अंगात बसेल तो तिसरा, असं ठरलं. सात जणांनी घालून पाहिला. तो दत्तारामना बसला.

“तू फकत उबो राव,” कायतान म्हणाला होता. “बोटां हालय, मान हालय. वायर डब्याक लावूं नाका. खिशांत घाल.”

‘डबा’ म्हणजे अँप्लिफायर. तो मागे ठेवलेला असे, त्यावर लाल दिवाही लागे, फक्त त्याच्यापर्यंत काही पोचत नसे. दोन वर्षांत एकोणीस कार्यक्रम झाले आणि एकोणीसही वेळा वायरीचं दुसरं टोक दत्तारामच्या पँटच्या खिशात होतं. गुरुदासची गिटार त्यांच्याकडेच राहिली. पुढची वीस वर्षं ते माजघरात बसून रोज तिच्यावर सराव करत. पण विजेची गिटार विजेशिवाय वाजते ती उंदीर पायपुसण्यावरून चालल्यासारखी. एका गाण्याचे सुरुवातीचे चार सूर त्यांना पक्के येत होते, असं त्यांना वाटत होतं. ते सूर त्यांनी स्वतःही कधी नीट ऐकले नव्हते. मरण्याआधी एकदा, एकदाच, वायर लावून वाजवायचं आणि ते गावाने ऐकायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. बाकी देवानं सगळं दिलं होतं.

अठ्ठ्याऐंशी साली ती संधी आली. गावच्या जत्रेचा कार्यक्रम दरवर्षी एकेका कुळाकडे असे आणि यंदा गावसांची पाळी होती. कार्यक्रम म्हणजे नाटक. नाटक म्हणजे तेच, तीस वर्षं चालत आलेलं, आणि त्यातला राजा म्हणजे सखाराम मळीक. सखाराम देवळाचे मुख्य महाजनही होते, त्यामुळे राजा बदलावा असं सुचवायची सोय नव्हती. पण गोव्याला राज्याचा दर्जा मिळून जेमतेम आठ महिने झाले होते आणि भाषेचा वाद अजून ओला होता. गावातले मराठीवाले आणि कोंकणीवाले एकमेकांना रस्त्यात भेटले की छत्री आडवी धरत, पाऊस नसला तरी.

देवळातल्या बैठकीत दत्ताराम उठले. “नाटक मराठीत केला तर अर्धो गाव येवचो नाय. कोंकणीत केला तर दुसरो अर्धो येवचो नाय. माझा म्हणणा, यंदा इंग्लिश गाणी ठेवूया. जुनी, आमच्या वेळची. ती कोणाकच कळत नाय. मग भांडणार कोण?”

दोन्ही बाजूंच्या माना हलल्या. सखारामनी उपरणं झटकलं.

“माणसांचा ठीक आसा,” ते म्हणाले. “देवाक इंग्लिश कळता काय?”

देवळाचा पुजारी बाबली गुरव म्हणाला, “मग देवाकच विचारूया. सोमवारी प्रसाद लावूया.”

प्रसाद लावायचा म्हणजे देवाच्या मूर्तीवर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. गावात लग्नं, घरं, विहिरी सगळं असंच ठरे. इंग्लिश गाणी त्यात पहिल्यांदाच येत होती.

दत्तारामना देवाबद्दल शंका नव्हती. त्यांनी आधीच दोघांना बोलावून घेतलं होतं. कायतान आता लग्नांच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवत असे. सुदेशचे दोन ट्रक खनिज वाहत होते, त्यातलाच एक धुऊन त्याने ड्रम्स आणि म्हापशाहून भाड्याने आणलेला डबा त्यात घातला. सोमवारी सकाळी दहाला हे सामान सभामंडपात उतरलं. डबा कपाटाएवढा होता. तो कुठे ठेवायचा हे न कळून त्यांनी तो गाभाऱ्याकडच्या भिंतीला टेकवला आणि लाल दिवा लागतो का ते बघून घेतलं.

“वायर खंय दवरची ती याद आसा मां, पात्रांव?” कायतान दत्तारामच्या कानात म्हणाला.

“आसा, आसा. खिशात,” दत्ताराम म्हणाले. त्यांच्या मनात वेगळंच होतं.

बाबलीने पाकळ्या लावल्या. गाभाऱ्यासमोरच्या आतल्या चौकात तीसेक पुरुष, मागे बायका, त्यांत विनोदिनीबाई. पाकळी वाऱ्याने पडू नये म्हणून पंखा बंद केला. बाबलीने गाऱ्हाणं सुरू केलं: “बा देवा महाराजा, ह्या लेकरांनी इंग्लिश गाणी करूचा मनात हाडलेला आसा. तुका मान्य आसात तर उजवी दी, मान्य नसात तर डावी दी, रे महाराजा.”

“होय महाराजा,” सगळे म्हणाले.

देवाने काहीच केलं नाही. पाव तास झाला, अर्धा तास झाला. पाकळ्या जिथल्या तिथे. बाबलीने पुन्हा विनवलं. “देव विचार करता,” कुणीतरी म्हणालं. “इंग्लिशीचा भाषांतर करता आसतलो,” सखाराम म्हणाले.

कायतान आणि सुदेश कंटाळून बाहेर चहा आणि भाजीपाव खायला गेले. अकरा वाजत आले. दत्तारामच्या पायांना मुंग्या आल्या म्हणून ते हळूच मागे सरले आणि सभामंडपात आले. तिथे कुणी नव्हतं. गिटार खांबाला टेकून ठेवलेली. डब्याचा लाल दिवा कुणी बंद केला नव्हता. वायर जमिनीवर पडलेली.

आता कुणी म्हणेल, त्या क्षणी माणसानं तिकडे बघू नये. पण वीस वर्षांत ज्याने वायर एकदाही डब्याला लावली नाही, त्याच्यासमोर दिवा लागलेला डबा आहे आणि आसपास कायतान नाही. दत्तारामनी गिटार गळ्यात घातली. वायरीचं एक टोक गिटारीला लावलं, दुसरं डब्याला. आवाज कमी हवा, अगदी आपल्यापुरता, म्हणून एक गोल बटण डावीकडे फिरवलं. ते बटण आवाजाचं नव्हतं. आवाजाचं बटण शेजारी होतं आणि साखळीपासूनच्या रस्त्याने ट्रकमध्ये हेंदकाळत ते आधीच शेवटापर्यंत गेलेलं होतं.

त्यांनी चारांतला पहिला सूर वाजवला.

सभामंडपाच्या लाद्या पायाखाली थरथरल्या. देवळाची घंटा कुणी हात न लावता एकदा टण् करून वाजली. माडावरचे कावळे उठले ते थेट सुर्ल्याच्या दिशेने गेले. दत्तारामनी वायर कशी ओढून काढली, गिटार कुठे ठेवली, त्यांना कळलं नाही. ते गाभाऱ्यासमोर धावत आले तेव्हा तिथे सगळे छताकडे बघत होते. बाबली मूर्तीकडे बघत होता. उजव्या पाकळ्या, डाव्या पाकळ्या, मुकुटावरची फुलं, आदल्या दिवशीचा हार, सगळं खाली आलं होतं.

“देवान कितें सांगला?” मागून एका म्हातारीने विचारलं.

“सगळाच सांगला,” बाबली म्हणाला.

सखाराम आधी भानावर आले. “देवान कसला सांगला? ह्यो खाणीचो सुरुंग,” ते गरजले. राजाचं काम तीस वर्षं केल्याने त्यांना गरजणं जमत असे. “एक वाजता भोंगो वाजवन फोडूचो तो ह्यांनी अकराक फोडलो. देवाचो प्रसाद चालू असताना. चला, रस्तो अडवूया.”

दत्ताराम बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तोपर्यंत गाव उठला होता. मराठीवाले आणि कोंकणीवाले वर्षभरानंतर पहिल्यांदा एका दिशेने चालत होते आणि ते बघून त्यांना मध्ये काही बोलवेना. दहा मिनिटांत खाणीच्या रस्त्यावर चाळीस माणसं बसली. खनिजाच्या ट्रकांची रांग लागली. तिसरा ट्रक सुदेशचाच होता, त्याच्या दोनांतला दुसरा. हातातला पाव संपवत तो आला, काय झालं विचारू लागला आणि सुरुंग हे ऐकून स्वतःच्याच ट्रकसमोर बसला.

अर्ध्या तासाने खाणीचे मॅनेजर जीपमधून आले. त्यांच्या हातात तक्रारींचं रजिस्टर होतं. गावाची सुरुंगाबद्दल तक्रार आली की ती वेळ, जागा आणि कारण घालून रजिस्टरात लिहून घ्यायची, असा कचेरीचा नियम होता. ती लिहून घेण्याचं काम हेडक्लार्कचं.

“गावस, बरं झालं तुम्ही इथेच आहात,” मॅनेजर म्हणाले. “लिहून घ्या. पण मंडळी, मी आधीच सांगतो, आज सुरुंग झालेलाच नाही. शनिवारपासून आमच्याकडे सुरुंगाची दारूच आलेली नाही.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. सुरुंग नाही, तर मग देऊळ हाललं कशाने? सखारामचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी हात जोडले.

“मग तो देव,” ते म्हणाले. “देवान हुंकार दिलो. तेका इंग्लिश गाणी नाका. पाकळ्येन सांगान आमका कळना नाय म्हणान तोंडान सांगल्यान.”

हे सगळ्यांना एकदम पटलं. कुणी म्हणालं, हुंकार आपण कानांनी ऐकला, कुणी म्हणालं, शेवटी ‘नाका’ असा शब्दही आला. कार्यक्रम गेला, हे दत्तारामना कळलं. त्यांच्यासमोर रजिस्टर उघडं होतं. त्यांनी तारीख लिहिली. वेळ लिहिली, अकराला पाच कमी. जागा लिहिली, देऊळ. पुढचा रकाना ‘कारण’ असा होता. तिथे त्यांचं पेन थांबलं. देवाच्या नावावर खोटं लिहावं तर कार्यक्रमही जातो आणि पापही लागतं. खरं लिहावं तर वीस वर्षांची अब्रू जाते. पण निदान कार्यक्रम राहतो. दत्तारामनी कपाळावरची बट मागे सारली आणि लिहिलं.

मॅनेजरनी ते मोठ्यांदा वाचलं. “कारण: बास गिटार. एक सूर. वाजवणार, द. गो. गावस.” मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा मनातल्या मनात वाचलं.

“तो आवाज तुझो?” सखाराम म्हणाले. “बायकांच्या कानातली फुलां हालयतलो तो?”

“हय,” दत्ताराम म्हणाले.

कुणाचा विश्वास बसेना. इतकी वर्षं ज्या बासबद्दल ऐकलं, ती ही असणं शक्य नाही, असं बाबुरावसकट सगळ्यांचं मत पडलं. बाबुराव साखळीहून दुकान बंद करून आला होता. दत्ताराम उगीच देवाचा हुंकार स्वतःच्या नावावर घेतोय, असंही एक जण म्हणाला. तेव्हा गाव परत देवळात आला, मॅनेजरसकट, आणि दत्तारामना वाजवून दाखवा म्हणून सांगितलं.

त्यांना हेच हवं होतं की. वायर लावलेली, सगळा गाव समोर, विनोदिनीबाई खांबाशी उभ्या. कायतानने डोळे मिटून घेतले. दत्तारामनी चारही सूर वाजवले, माजघरात रोज वाजवत तसेच, एकामागून एक, घाई न करता. पहिल्याला मागची मुलं रडायला लागली. दुसऱ्याला सुदेशच्या ड्रमवरची थाळी आपोआप वाजली. तिसरा आणि चौथा कुणी नीट ऐकले नाहीत, कारण सगळ्यांनी कानांवर हात ठेवले होते. सूर संपले.

“पुरो रे पुता,” म्हातारी म्हणाली. “देवळाक मोडशी.”

दत्तारामना फार वाईट वाटलं. हसले असते, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तिने ते मायेने म्हटलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांनी स्वतःही ते सूर आज पहिल्यांदाच ऐकले होते, आणि म्हातारीचं म्हणणं त्यांना पटलं होतं.

पण देवाचा प्रश्न राहिलाच होता. बाबलीने मूर्ती पुसली, नव्या पाकळ्या लावल्या आणि या वेळी कुणाला न विचारता स्वतःच्या मनाने गाऱ्हाणं घातलं. “बा देवा महाराजा, कायतान गावंदे, सुदेश बडवंदे, दत्तारामबाब कोट घालून उबो रवंदे. चार वाजल्यापासून सहा वाजापर्यंत गाणी होवंदेत, मागीर सखारामबाबाचा नाटक होवंदे. पण ती जी काळी वायर आसा, ती—”

उजवी पाकळी पडली. देवाने वाक्यही पुरं होऊ दिलं नाही.

“होय महाराजा,” गाव म्हणाला. इतक्या एकजुटीने तो आजवर कधी म्हणाला नव्हता.

जत्रेच्या दिवशी दुपारी चार वाजता ‘रेड रॉकेट्स’ वीस वर्षांनी उभे राहिले. कायतानचा आवाज थोडा बसला होता, पण तो गायला लागला आणि म्हातारीसुद्धा गुडघ्यावर ताल धरून बसली. दोन्ही भाषांच्या माणसांनी ओले पाय गोणपाटावर पुसले. दत्ताराम मधोमध उभे होते. कोटाची बटणं आता लागत नव्हती, पण मान तशीच हलत होती, बोटं तशीच फिरत होती. वायरीचं टोक खिशात आहे हे आता सगळ्या गावाला माहीत होतं, तरी प्रत्येक गाण्यानंतर सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्यांनाच पडल्या. बाबुराव तर उभा राहिला.

सहानंतर सखाराम मुकुट घालून आले. दत्ताराम आणि विनोदिनीबाई घरी निघाले. दत्तारामच्या हातात कोट होता.

“आयकलात?” विनोदिनीबाई म्हणाल्या. “तुमका वाईट वाटला?”

“वाटतला नाय तर काय,” दत्ताराम म्हणाले. “वीस वर्सां वाट बघितलंय. आता तुझ्याफुडे कसला लपवू? ते येळाकय वायर खिशातच होती. तू गिटारीक भुललंस, ती गिटार वाजतच नाय होती.”

“माका ठाऊक आसा.”

दत्ताराम थांबले.

“डिचोलीक मी पुढच्याच रांगेत बसलेलंय,” विनोदिनीबाई चालता चालता म्हणाल्या. “तुमच्या खिशातसून वायर भायर लोंबत होती, वीतभर. बापाशीन दुसऱ्या दिवशी विचारल्यान, मुलगो कसो वाटलो. आमच्या घरात सात भाव, सकाळधरून गलाटो. म्हटला, तिघांतले दोघे बोंब मारतत आणि ह्यो एकटो आवाज न करता काम करता. ह्योच बरो.”

दत्ताराम त्यानंतर घर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. विनोदिनीबाईंना ते फार आवडलं.